पायाची खबर

जठारपेठ, अकोला
१४ सप्टेंबर २०२४

चि. शालिक यास,

अकोल्याहून विमलबाईचा आशीर्वाद, आणि त्याच्या मागोमाग राग. आधी आशीर्वाद घे, मग पुढचं वाच.

महालक्ष्म्यांसाठी तू पाठवलेली फुलं तिसऱ्या दिवशीही तशीच टवटवीत होती. शेजारच्या बायकांना खरं वाटेना की दर्यापूरच्या खाऱ्या पाण्यावर अशी शेवंती येते. मी सांगितलं, माझ्या भावानं बावीस वर्षं तोफा चालवल्या आणि आता फुलं लावतो, त्याला काहीही जमतं. सुंदराच्या हातची आंबीलही सगळ्यांना आवडली, म्हणाल्या, भावजय असावी तर अशी.

आता राग. तुम्ही दोघं जेवून निघालात तेव्हा तुझी एक चप्पल माझ्या व्हरांड्यातच राहिली. तू एका पायात चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेलास. पोरं हसली, तूही हसलास. मी हसले नाही. त्या दिवशी ऊन असं होतं की मी फरशीवर पाय ठेवू शकत नव्हते. आपल्या पायात चप्पल नाही हे माणसाला समजत नाही का रे? आणि पायऱ्या उतरताना तू भिंत धरत होतास, तेही मी पाहिलं. चाळीस पोरांच्या वर्गावर नोकरी काढली आहे मी, माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

तुला शुगर आहे. अमरावतीत माजी सैनिकांचा सरकारी दवाखाना आहे, तिथं डॉक्टर आहे, औषध आहे, आणि तुझ्याकडे त्याचं कार्ड आहे. लोक ज्याच्यासाठी तरसतात ते तुला हक्कानं मिळालंय आणि तू ते कपाटात ठेवून दिलंस. काहून?

हे फोनवर बोलले असते. पण तोफांनी तुझे कान घालवले. फोनवर तू नुसतं हो-हो करतोस आणि मागून सुंदराला विचारतोस, बाई काय म्हणाली. म्हणून हे पत्र अनुप हारवाल्याजवळ देते आहे. तुझ्या फुलांचे रिकामे क्यारेट तो परत पाठवतो, त्यात ठेवील. उत्तरही तसंच पाठव.

विमल


दर्यापूर
१९ सप्टेंबर

ती. विमलबाईले शालिकचा नमस्कार.

आशीर्वाद भेटला, राग बी भेटला. दोन्ही क्यारेटमधी ओले झाले होते पण वाचता आले.

चपलेचं मनावर नको घेजो. नवीन हाय, ढिली हाय, निघून जाते. वयानं माणूस थोडा भुलतो बी. भिंत धरली म्हणतेस, तर तुह्या पायऱ्याच तशा हायेत, भाऊजी होते तवापासून सांगून राह्यलो की त्याले कठडा लावा.

दवाखान्यात जाऊन मी काय सांगू, बाई? मले काही होतच नाही. फौजेत सकाळी सिक रिपोर्ट राहे. ज्याले बिमार वाटे तो तठी जाऊन उभा राहे. एकदा का माणूस तठी उभा राह्यला, की बाकीचे त्याले हप्ताभर सोडत नव्हते. कोणी म्हणे सासुरवाडीले जाचं असन, कोणी म्हणे आज गड्ढा खोदाचा होता ना. मी अख्ख्या नोकरीत तठी उभा नाही राह्यलो. साहेब लोक लाईनमधी येत, विचारत, "कैसे हो?" आपण ताठ होऊन म्हणाचं, "ठीक है साहब." झालं. ते पुढच्याकडे जात.

पण तू म्हणतेस तर जातो. कॅन्टीनचं सामान आणाले अमरावतीले जाणंच हाय, त्याच दिवशी दवाखाना बी करून घेतो.

झेंडू दसऱ्यावर बरोबर येऊन राह्यला. शेवंतीवर थोडी माव्याची कीड हाय. नवरात्रात नेहमीसारखा अनवाणी राहीन. तुह्या नवसाले एक वर्ष खंड पडू देल्ला नाही, या वर्षी बी पडणार नाही. सुंदरा नमस्कार सांगते.

शालिकराम


अकोला
२४ सप्टेंबर

चि. शालिक यास,

दवाखान्यात जाणार हे वाचून बरं वाटलं. कॅन्टीनच्या निमित्तानं का होईना. काय म्हणाले ते सविस्तर लिही, दोन ओळींत उरकू नको.

नवसाची आठवण काढलीस म्हणून लिहिते. तू सरहद्दीवर, वर बर्फावर होतास ते वर्ष मी अजून विसरले नाही. तुझं पत्र नाही, तार नाही, बाबा ओट्यावर बसून पोस्टमनची वाट पाहायचे आणि तो आला की आत निघून जायचे. मी अमरावतीला जाऊन अंबादेवीपुढे उभी राहिले. म्हटलं, याला त्याच्या दोन्ही पायांवर चालत घरी आण, तो दर नवरात्रात तुझ्यासाठी अनवाणी चालेल. तुला न विचारताच बोलून गेले. आणि तू आलास, चालत आलास. बाबांनी तुला आधी पायापासून वरपर्यंत पाहिलं होतं, आठवतं?

काल कॉलनीतल्या बायका उपवासाचं बोलत होत्या. मी सांगितलं, उपवास तर सगळेच करतात, माझा भाऊ इतकी वर्षं ढेकळांतून, काट्यांतून पायात काही न घालता चालतो आणि तोंडातून हूं काढत नाही. मला फार अभिमान वाटतो रे तुझा. तुझे भाऊजी गेल्यापासून मी कुठल्या गोष्टीनं सुखावत नाही, पण नवरात्र आलं की तुझ्यासाठी सुखावते.

विमल


दर्यापूर
१ ऑक्टोबर

ती. विमलबाईले,

तू सविस्तर लिही म्हटलं म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या शुक्रवारी अमरावतीले गेलो. आदल्या दिवशी बूट काढले, काळं पॉलिश लावलं, कपडा मारून चमकवले. सुंदरा म्हणे, दवाखान्यात चालले का परेडले. तिले काय समजते. तठी बसलेले सगळेच तसे होते, बाई. कोणाची मान हालते, कोणाचा हात, पण बूट पाहाल तर तोंड पाहून घ्यावं. धर्मेंद्र भेटला, माह्याच तोफेवर होता. त्याले बी ऐकू येत नाही. दोघांनी लय गोठी केल्या, कोणाले काय समजलं देव जाणे.

तठचे डॉक्टर मेजर साहेब हायेत. फौजेतून रिटायर झाले आणि इथी बसतात. माणूस चांगला. मी आत गेलो, सावधान झालो. साहेब म्हणे, "कैसे हो हवलदार?" मी म्हतलं, "ठीक है साहब." मंग शुगर पाह्यली, थोडी जास्त निघाली, गोया बदलून देल्या, गोड बंद कर म्हणे. निघताना माह्या बुटाकडे पाहून म्हणे, अजून फौज सोडली नाही हवलदारनं. मले लय बरं वाटलं.

तर सगळं ठीक हाय. आता तू बेफिकीर राय.

परवा घट बसतात. तोडणीले चार बाया लावल्या हायेत. दसऱ्याचा माल अकोल्याले येईन तवा तुह्यासाठी वेगळी पिशवी ठेवतो, अनुपजवळून घेजो.

शालिकराम


दर्यापूर
१५ ऑक्टोबर

विमलबाईंले सुंदराचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहित नाही, चुकलं-माकलं पोटात घालजा. यायले, तुमच्या भावाले, माहीत नाही. क्यारेटच्या तळाशी, पाल्याखाली ठेवून राह्यली. अनुपले सांगतलं हाय, तुमच्याच हातात देजो.

यायचा पाय खराब झाला. नवरात्रात झेंडूच्या वावरात बाभळीचा काटा गेला तळपायात. गेला तवा यायले समजलं नाही. तसेच चालले, अष्टमीले अमरावतीले अंबादेवीले बी अनवाणी जाऊन आले. मी घरात रक्ताचे ठिपके पाह्यले. मले वाटलं मांजरानं काही आणलं. मंग पाह्यलं तर यायच्या पायातून येऊन राह्यलं आणि हे निवांत चहा पिऊन राह्यले.

बाई, यायले पायात काहीच समजत नाही. आजचं नाही, बर्फावरून आले तवापासून. आधी बोटं होती, मंग हळूहळू घोट्यापर्यंत. मी लग्नाची बायको, मले माहीत हाय. आंघोळीले पाणी कितीबी गरम असो, पाय टाकतात. मले शपथ घातली होती की बाईले सांगू नको. म्हणे, ती सगळ्यायले माह्या नवसाचं सांगते, तिले समजलं तर तिचा जीव अर्धा होईन.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्याले सुट्टी होती. काल मीच यायले जबरीनं घेऊन गेली. यायनं काय करावं. जखमेत झेंडूचा पाला ठेचून भरला, वरून मोजा चढवला, बूट घातले, पॉलिश केले. मी बाहेर बाकड्यावर बसली. हे आत गेले आणि लगेच बाहेर आले. मी म्हतलं, काय सांगतलं? तर म्हणतात, ठीक है म्हटलं. मी म्हतलं, पाय दाखवला का? म्हणे, साहेबानं पाय विचारलाच नाही. साहेब विचारते तेवढंच सांगाचं असते म्हणे.

एसटीत मी यायच्या बाजूले बसली नाही.

आता पायाले वास येऊन राह्यला. बोटं कायी पडली. अंगठ्याजवळचं तर दगडावानी लागते. हे म्हणतात, दुखत नाही तर कशाले घाबरतेस. बाई, तुमचंच ऐकतीन हे. दुसऱ्या कोणाचं नाही.

सुंदरा


अकोला
१६ ऑक्टोबर

सुंदरा,

पत्र आत्ता मिळालं. अनुप स्वतः घरी घेऊन आला, आणि हे उत्तरही तोच आजच दर्यापूरला आणून देतो आहे. मी उद्या सकाळच्या एसटीनं थेट अमरावतीला येते. तू याला घेऊन दवाखान्याच्या दारात थांब. चालवत आणू नको, गाडी कर. बूट घालू देऊ नको. ऐकलं नाही तर माझं नाव सांग.

पुढचं त्याला वाचायला दे.

शालिक, नवस संपला. तो मी बोलले होते, मीच मोडते. देवीला काय सांगायचं ते मी आणि ती पाहून घेऊ. तुझ्या पायाला समजत नाही हे इतकी वर्षं मला न सांगता तू माझ्यासाठी चालत राहिलास, याचा मला राग आला आहे की काय झालं आहे, मला समजत नाही. उद्या तिथं ये. बाकी नंतर.

विमल


अकोला
४ नोव्हेंबर

चि. शालिक,

नागपूरच्या दवाखान्याच्या पत्त्यावर लिहिते आहे, म्हणजे वॉर्डातला माणूस थेट तुझ्या हातात देईल. मागच्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. सुंदरा म्हणते, वाचून उशीखाली ठेवतात. ठीक आहे. तू नको लिहू. मी लिहिते.

काल भाऊबीज होती. मी ताट केलं, निरांजन लावलं, आणि ते विझेपर्यंत तिथंच बसले. रडू आलं नाही. पाय काढावा लागणार हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही आलं नाही, आणि गुडघ्याखाली काढला, आता धोका नाही, हे सांगितलं तेव्हाही नाही. भाजी आणते, कुकर लावते, टीव्ही लावून बसते. कोणी विचारलं तर सांगते, भाऊ बरा आहे. माझंच बोलणं मला दुसऱ्या कोणाचं वाटतं.

तू माझ्यावर रागावला आहेस हे मला माहीत आहे. सांगूनही तू त्या दिवशी बूट घालून आलास, चकचकीत करून. मी तुझ्यासोबत आत आले. साहेबांनी विचारलं आणि तू त्या पायावर सावधान उभा राहिलास आणि म्हणालास, ठीक है साहब. मी म्हटलं, "साहेब, हा खोटं बोलतो." तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी तुझी कोणी नाही. मग मीच खाली बसले आणि तुझ्या बुटाच्या नाड्या सोडल्या. मोठ्या बहिणीनं धाकट्याच्या पायाशी बसायचं नसतं, तेही साहेबांसमोर. पण मला दुसरं काही सुचलं नाही. मोजा काढताना त्याच्यासोबत कातडी आली आणि तू छताकडे पाहत होतास, दुसऱ्याचाच पाय असल्यासारखा.

यापुढचं तुला माहीत नाही. साहेबांनी तिथूनच फोन लावून नागपूरची सोय केली, तुला गाडीत घातलं, सुंदरा तुझ्यासोबत बसली. मी माझी पिशवी घ्यायला परत आत गेले. तुझा पाय पाहायला साहेब फरशीवर बसले होते ते अजून तिथंच होते, तुझा बूट हातात घेऊन. मला म्हणाले, "ताई, तीन दिवसांपूर्वी हा माणूस इथंच उभा होता. मी याचे बूट पाहिले." नंतर म्हणाले, "मीही बर्फावर होतो. मला कोणी विचारलं तर मीही हेच सांगतो."

मी त्यांची समजूत घातली नाही. मी सांगितलं, तुम्ही विचारता तेव्हा हे लोक तुम्हाला उत्तर देत नाहीत, सलाम करतात. विचारू नका, बूट काढून पाहा. प्रत्येकाचे. बाहेर बाकड्यावर अजून तीस-चाळीस बसलेत. ते उठले आणि दारात जाऊन सगळ्यांना बूट-मोजे काढायला सांगितले. बराच वेळ कोणी हललं नाही. शेवटी साहेबांनी आधी स्वतःचे काढले. हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यातच तुझा तो धर्मेंद्र होता, त्याच्या टाचेला भेग निघाली, अशी की बोट आत जाईल. त्यालाही माहीत नव्हतं. त्याचा पाय वाचला, परवाच कळलं.

तुझा नाही वाचला. मी देवीला दोन्ही पाय मागितले होते आणि बदल्यात तुझेच पाय देऊन आले. माझे का नाही दिले, हे मला आता सुचतं. एवढंच सांग शालिक, मला काहून नाही सांगितलंस?

विमल


दर्यापूर
२३ नोव्हेंबर

ती. विमलबाईले,

घरी येऊन हप्ता झाला. उत्तर नाही लिहिलं कारण लिहाले काही नव्हतं. राग नव्हता बाई. तू समजली तसं नाही. राग आला असता तर बरं होतं.

तठी लोक येत, पाहत, डोये पुसत. मी पाहे. सुंदरा जेवू घाले, जेवत होतो. पाय नाही हे पाह्यलं तवा बी काही वाटलं नाही. तसा बी तो माह्याजवळ नव्हताच. दवाखान्यातल्या पोरीनं समजावलं, पुण्याले फौजीलोकाईले पाय बसवून देतात, चालता येईन, वावरात बी जाता येईन. सगळं कार्डावर होते. मी हो म्हतलं. मले चालाचं हाय का नाही, हे बी समजत नव्हतं. झेंडू झाडावरच वाळून गेला, सुंदरानं सांगतलं, मी म्हतलं बरं.

तू विचारलं काहून नाही सांगतलं. सांगतो. मी बर्फावरून आलो त्या पहिल्या नवरात्रात तू माह्यासंग देवीले आली होती. मी अनवाणी होतो. रस्ता तापला होता. तू चार पावलावर विचारे, पोळते का रे? मले काहीच समजत नव्हतं, आणि तू रडू-हसू करत चालली होती, मी आल्यावर थोड्याच दिवसात बाबा गेले, तवापासून तुले तसं मी पाह्यलं नव्हतं. मी म्हतलं, हो बाई, पोळते. तुले वाटलं भाऊ नवस फेडून राह्यला. मंग दरसाली तेच. आता सांगतो, मले कधीच पोळलं नाही. नवस फिटला का नाही, तू पाहून घेजो.

काल टाके दाखवाले अमरावतीले गेल्तो. दाराशी बुटायची रांग होती, कोणाचे काये, कोणाचे भुरे, सगळे चमकणारे. आत सगळे म्हातारे पाय लांब करून बसले होते, लहान पोरावानी. एक नर्स एकेकाच्या तळपायाले बारीक दोरा लावून विचारत होती, लागलं का. दहातल्या सहा जणाईले लागत नव्हतं, आणि सगळे म्हणत होते, लागलं. मंग तिनं त्यायले डोये बंद कराले लावले. मी माह्या एका पायातला बूट काढला आणि बसलो.

नंबर आला. साहेब टेबलामागून उठून आले, स्टूल ओढून माह्यासमोर बसले. म्हणे, "कैसे हो हवलदार?" मले उठता आलं नाही.

आता जे सांगतो ते सुंदराले बी सांगतलं नाही. चार दिवसापासून तो पाय दुखून राह्यला. जो नाही तोच. अंगठा जळते, टाचेत कोणी खिळा मारल्यावानी होते. हात लावाले जातो तर तठी चादर. मले वाटलं डोकं फिरलं. कोणाले सांगावं, जो पाय होता तवा कधी दुखला नाही तो आता दुखते म्हणून?

साहेब बसून होते. घाई नव्हती त्यायले. मी म्हतलं, "दर्द है साहब."

ते हासले नाही. म्हणे, "कहाँ?" मी खाली जागा दाखवली, जिथं काही नाही. साहेब तठीच पाहत राह्यले. मंग म्हणे, "कब से?"

मी म्हणणार होतो, चार दिवस झाले. पण तोंडातून निंगालं, "बर्फ से, साहब."

साहेबानं ते तसंच लिहून घेतलं, बाई.

शालिक